बाळाच्या तपासणीत घरातल्या मारहाणीबद्दल का विचारतात?

बाळाचं वजन होतं, लस टोचली जाते, पुढची तारीख ठरते. मग नर्स सोबतच्या माणसांना जरा बाहेर बसायला सांगते, दार लावते आणि आईला विचारते, "घरात कुणाची भीती वाटते का? कुणी मारतं, ढकलतं, धमकावतं का?" काही जणींना हा प्रश्न ऐकून हायसं वाटतं, काहींना राग येतो. बाहेर बसवलेल्या नवऱ्याच्या डोक्यात तर नको नको ते येतं. लस टोचायला आलो होतो, मध्येच ही चौकशी कसली?

हा प्रश्न नर्सने आपल्या मनाने काढलेला नसतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वीडन, ब्रिटन, अमेरिका अशा अनेक देशांत गरोदरपणाच्या किंवा बाळाच्या तपासणीत तो विचारावा असे अधिकृत निर्देश आहेत. पण जाणकारांचं यावर एकमत नाही. आजार टाळण्याच्या सेवांबद्दल सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये सांगितलं की मूल होण्याच्या वयातल्या सगळ्या स्त्रियांना हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१३ मध्येच सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांना विचारण्याची शिफारस आम्ही करत नाही. अभ्यास बहुतेक तेच, निष्कर्ष मात्र उलट. हे कसं, ते समजून घेतलं की विषय बराचसा उलगडतो.

## नेमकं काय विचारतात?

दोन संज्ञा आधी स्पष्ट करून घेऊ. 'स्क्रीनिंग' म्हणजे त्रासाची काही खूण दिसते की नाही हे न बघता, ठरलेल्या टप्प्यावर येणाऱ्या प्रत्येकीला तेच ठरलेले प्रश्न विचारणं. पुढे मी याला 'सरसकट विचारणा' म्हणेन. दुसरा मार्ग म्हणजे काही खूण दिसली, शंका आली, तरच विचारणं.

'कौटुंबिक हिंसा' म्हटलं की डोळ्यांसमोर काळानिळा चेहरा येतो. पण तेवढंच अभिप्रेत नाही. लैंगिक जबरदस्ती, जिवे मारण्याच्या धमक्या, उठताबसता पाणउतारा, पैसे हातात न देणं, फोनवर आणि येण्याजाण्यावर पाळत, दवाखान्यात जाऊ न देणं हेही त्यात येतं. करणारा बहुतेक वेळा नवरा किंवा जोडीदार असतो, पण घरातली इतर माणसंही असू शकतात.

प्रश्नांचे तयार संच आहेत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिट्स' या संचात चारच प्रश्न आहेत. जोडीदार किती वेळा शारीरिक इजा करतो, अपमान करतो, धमकावतो, ओरडतो किंवा शिव्या देतो? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली की काळजीचं कारण. गरोदर स्त्रियांसाठी १९९२ पासून वापरात असलेला आणखी एक संच आहे. त्यात गरोदरपणात मारहाण झाली का, कुणी केली, शरीराच्या कोणत्या भागावर, असं विचारतात.

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. "तुमच्यावर हिंसा होते का?" असं कुणीही चांगला प्रशिक्षित माणूस विचारत नाही. कारण जिला आठवड्यातून दोनदा थप्पड बसते तीही मनापासून "नाही" म्हणू शकते. तिच्या लेखी ती 'हिंसा' नसते, 'त्यांचा स्वभाव तापट' असतो. म्हणून प्रश्न प्रत्यक्ष वागण्याबद्दल असतो आणि त्याआधी एक वाक्य असतं: "हे आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकीला विचारतो." या वाक्याने तिच्यावरचा डाग पुसला जातो. आपल्याकडे बघून हिला काहीतरी वाटलं म्हणून विचारतेय, ही बोच उरत नाही.

## आणि इथेच का? पोलीस आहेत, न्यायालयं आहेत

कारण तिथे बहुसंख्य बायका जातच नाहीत, आणि इथे जवळजवळ सगळ्या येतात. एरवी धडधाकट तरुण स्त्री वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही. गरोदरपणात आणि बाळाच्या पहिल्या वर्षात मात्र ती पुन्हा पुन्हा येते, अनेकदा त्याच नर्सकडे. घरच्यांची आडकाठीही सहसा नसते, कारण बाळासाठी जायचं असतं. ज्या स्त्रीला एकटीने मैत्रिणीकडेही जाता येत नाही, तिला बंद दाराआड परक्या माणसाशी बोलायची संधी मिळणारी ही एकमेव जागा असू शकते.

दुसरं कारण आकड्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार, १५ ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांना कधी ना कधी जोडीदार होता, त्यांतल्या सुमारे २७ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हातरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे चौघींत एकीहून जास्त. गरोदरपण आलं की हात आवरतात, असं आपण धरून चालतो. याच संघटनेने अनेक देशांत केलेल्या आणि २००५ मध्ये मांडलेल्या पाहणीत गरोदरपणी मारहाण झालेल्यांचं प्रमाण जपानमधल्या एका शहरात १ टक्का होतं, तर पेरूच्या एका प्रांतात २८ टक्के. ज्यांना मारहाण झाली त्यांतल्या पाव ते निम्म्या स्त्रियांना पोटावर लाथा किंवा बुक्के बसले होते. आणि दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत मारणारा हा त्या पोटातल्या बाळाचाच बाप होता.

याचे परिणाम थेट त्या तपासणीच्या खोलीतल्या वजनकाट्यावर दिसतात. गर्भपात, मुदतीआधी प्रसूती, कमी वजनाचं बाळ, आईचं नैराश्य या सगळ्यांचा हिंसेशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. वजन का वाढत नाही म्हणून आहाराचा तक्ता हातात द्यायचा आणि घरात काय चाललंय ते विचारायचंच नाही, हे अर्धवट वैद्यक झालं. बाळाच्या बाजूनेही तेच. आईवर हात उगारणाऱ्या घरात मुलावर हात उगारला जाण्याची शक्यता जास्त असते, आणि नुसतं बघत वाढणंही मुलाला इजा करतं.

## मग रक्तदाबासारखं मोजून का टाकत नाहीत?

इथून मतभेदाला सुरुवात होते. सरसकट तपासणी कशाची करावी याचे दहा निकष विल्सन आणि युंग्नर या दोघांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले. सगळे इथे सांगत बसत नाही, पण गाभा असा: दुखणं महत्त्वाचं हवं, ओळखण्याची पद्धत भरवशाची आणि लोकांना चालणारी हवी, आणि मुख्य म्हणजे ओळखल्यावर देता येईल असा, गुण येतो हे सिद्ध झालेला इलाज हाताशी हवा.

रक्तदाब या निकषांत चपखल बसतो. हिंसा बसत नाही. कारण ती त्या स्त्रीच्या शरीरातली बिघाडाची गोष्टच नाही; दुसऱ्या माणसाचं वागणं आहे. 'रोगी' खोलीत आहे आणि 'रोग' बाहेर बाकावर बसला आहे, किंवा घरी आहे. नर्स त्याला गोळी देऊ शकत नाही. शिवाय रक्तदाबाचं यंत्र बाईच्या मनाविरुद्धही खरा आकडा दाखवतं. इथे आकडा दाखवायचा की नाही हे तिच्या हातात असतं, आणि ते तिच्याच हातात असायला हवं.

## 'खरं कोण सांगणार?'

हा आक्षेप पहिल्यांदा येतो आणि तो बिनबुडाचा नाही. अनेक जणी पहिल्या वेळी "नाही" म्हणतात. लाज असते, मुलं काढून घेतील ही धास्ती असते, नवऱ्याच्या कानावर गेलं तर आजची रात्र कशी जाईल हा हिशोब असतो. काही वेळा साधं असं असतं की समोरची बाई कागदावर नजर ठेवून घाईघाईत विचारत असते.

पण "नाही" हे उत्तर वाया जात नाही. इथे हे विचारतात, म्हणजे इथे हे सांगता येतं, एवढं तिच्या कानावर पडून राहतं. म्हणून एकदाच विचारून चौकटीत खूण करणं पुरेसं नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की गरोदरपणातल्या पहिल्या भेटीत, मग प्रत्येक तिमाहीत किमान एकदा आणि बाळंतपणानंतर पुन्हा विचारावं.

विचारायचं कसं, याचाही अभ्यास झाला आहे. कॅनडात २,४६१ स्त्रियांवर केलेल्या आणि २००६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तीन पद्धती ताडून पाहिल्या: समोरासमोर प्रश्न, स्वतः भरायचा कागद आणि संगणक. हिंसा सांगणाऱ्यांचं प्रमाण तिन्ही पद्धतींत साधारण सारखंच निघालं. पण बायकांना समोरासमोरची पद्धत सगळ्यांत कमी आवडली. मायेने विचारलेला प्रश्न कागदापेक्षा बरा, असं आपल्याला वाटतं. तोंडाने "हो" म्हणायला जे बळ लागतं त्यापेक्षा चौकटीत खूण करायला कमी लागतं, हे आपण विसरतो.

## संशोधन काय सांगतं?

विचारलं की सापडतात, याबद्दल वाद नाही. २०१५ मध्ये १३ चाचण्यांचा आणि जवळपास १५ हजार स्त्रियांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सरसकट विचारणेमुळे हिंसा सोसणाऱ्या स्त्रिया लक्षात येण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं, आणि गरोदरपणाच्या तपासणीत ते सर्वाधिक वाढतं, असं त्यात दिसलं. पण त्याच आढाव्यात पुढची ओळ अशी की त्यामुळे हिंसा कमी झाली किंवा तब्येत सुधारली याचा पुरावा मिळाला नाही.

यातल्या दोन चाचण्या जरा जवळून बघू. कॅनडातल्या आँटॅरिओ प्रांतात ६,७४३ स्त्रियांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना हिंसेबद्दल विचारून उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवलं, काहींना आधी विचारलंच नाही. दीड वर्षाने पाहिलं तर दोन गटांत ठोस म्हणावा असा फरक उरला नव्हता. शिकागोत अडीच हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेली चाचणी २०१२ ची. तिथे संगणकावर प्रश्न विचारून मदतसंस्थांची यादी छापून दिली जायची. वर्षभराने त्या स्त्रियांच्या आयुष्याच्या दर्जात काही फरक नव्हता. या दोन्ही ठिकाणी विचारल्यामुळे अपाय झाल्याचंही आढळलं नाही, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागेल.

बातम्यांत यावरून 'विचारून उपयोग नाही' असा मथळा होतो. मला तो चुकीचा वाटतो. छप्पर कुठे कुठे गळतंय ते हिंडून पाहिलं, खडूने खुणा केल्या आणि दुरुस्तीवाल्यांचे पत्ते घरमालकाच्या हातात देऊन निघून आलो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळलं, तर खुणा करणं निरुपयोगी ठरलं की दुरुस्ती झालीच नव्हती? या दोन चाचण्यांनी तपासलं ते एवढंच: प्रश्न, अधिक एक कागद.

जिथे प्रश्नामागे माणूस उभा केला तिथे चित्र वेगळं आहे. वॉशिंग्टनमध्ये १,०४४ गरोदर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चाचणीत (२०१०) हिंसा, नैराश्य, धूम्रपान या सगळ्यांवर तपासणीच्याच जागी समुपदेशन दिलं. त्या गटात पुन्हा हिंसा होण्याचं प्रमाण घटलं आणि खूपच अकाली जन्मणारी बाळंही कमी झाली. हाँगकाँगमध्ये ११० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या माहितीऐवजी सुमारे अर्ध्या तासाचं, त्यांच्या परिस्थितीला धरून आखलेलं सत्र दिलं. मानसिक छळ आणि किरकोळ मारहाण कमी झाल्याचं २००५ मध्ये नोंदवलं गेलं. अमेरिकेत गरोदरपणापासून घरी जाणाऱ्या नर्सनी भेटींतच हिंसेबद्दलचं मार्गदर्शन गुंफलं. त्या २०१६ च्या चाचणीत बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत हिंसेत घट टिकून होती.

या चाचण्या लहान आहेत, सगळीकडे असेच निकाल आलेले नाहीत, आणि मी त्यांच्यावर घर बांधणार नाही. पण दिशा कळते. वर उल्लेखलेला अमेरिकन तज्ज्ञगट सुद्धा नुसतं विचारा म्हणत नाही. विचारा आणि जिला गरज आहे तिला सतत चालणाऱ्या मदतीशी जोडा, असं म्हणतो. एका भेटीत उरकलेल्या उपायांचा गुण दिसत नाही, हेही तोच गट सांगतो.

## तर सगळ्यांना विचारायचं की शंका आल्यावर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेमागचं कारण आता कळेल. जगातल्या असंख्य आरोग्य केंद्रांत एक नर्स, समोर पन्नास बायका, खोलीला दार नाही आणि पुढे पाठवायला संस्था नाही. तिथे 'प्रत्येकीला विचारा' असा आदेश काढला तर विचारण्याची औपचारिकता तेवढी उरते. म्हणून संघटना म्हणते, हिंसेमुळे झालेल्या किंवा चिघळलेल्या असू शकतील अशा तक्रारी दिसल्या तर विचारा. पटण्यासारखा खुलासा नसलेल्या जखमा, नैराश्य, तपासणीला फार उशिरा येणं, रक्तस्राव, नवरा क्षणभरही बाजूला न होणं. आणि त्याआधी किमान एवढं हवं: लेखी कार्यपद्धती, प्रशिक्षित माणूस, एकांत, गुप्ततेची हमी आणि पुढे पाठवायची सोय. गरोदरपणाच्या तपासणीला मात्र संघटना थोडा वेगळा दर्जा देते. तिथे शंकेचा उंबरठा खाली आणावा, असा तिचा कल आहे.

ब्रिटनमध्ये तर एकाच देशात दोन्ही मतं नांदतात. तिथली राष्ट्रीय स्क्रीनिंग समिती याला मान्यता देत नाही, आणि उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की गरोदरपण आणि बाळंतपणानंतरच्या सेवांतल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हे नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून विचारावं. वरवर विसंगत, पण पहिली समिती 'चाचणी' म्हणून याकडे बघते आणि दुसरी 'संभाषण' म्हणून.

शंकेवर विसंबण्याचा तोटाही मोठा आहे. शंका कुणाची येते? फाटक्या कपड्यांतल्या, कमी शिकलेल्या, दारुड्या नवऱ्याच्या बायकोची. मोटारीतून आलेल्या, हसून बोलणाऱ्या, नवरा डॉक्टर असलेल्या बाईला कुणी विचारत नाही. आणि जी आतल्या आत सोसते तिच्यावर खुणा असतातच असं नाही.

माझं मत सांगतो. या सेवांत सगळ्यांना विचारावं, पण दार, प्रशिक्षण आणि पुढची माणसं तयार झाल्यावर, त्याआधी नाही. तोवरच्या काळासाठी एक मधला रस्ता काही ठिकाणी वापरतात आणि तो मला पसंत आहे. काही न विचारता प्रत्येकीला एकांतात माहिती द्यायची: "घरात त्रास असेल तर मदत इथे मिळते. तुम्हाला नाही लागली तर मैत्रिणीला सांगा." कुणालाही काहीही कबूल करावं लागत नाही आणि माहिती मात्र सगळ्यांपर्यंत पोचते.

## ती 'हो' म्हणाली. पुढे?

संपूर्ण विषयाचं वजन इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची पुस्तिका पहिल्या आधाराचे पाच भाग सांगते: मन लावून ऐकणं, तिला आत्ता काय हवंय ते विचारणं, तिच्यावर विश्वास आहे हे बोलून दाखवणं, सुरक्षिततेचा विचार करणं आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं. यातला तिसरा भाग फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त चुकतो. "हे तुमच्यामुळे झालेलं नाही" हे एक वाक्य. त्याऐवजी तोंडातून निघतं, "तुम्ही काय बोललात त्यांना?" किंवा "बाळाकडे बघून सहन करा." किंवा शिकलेल्या माणसांचं आवडतं, "मग सोडून का देत नाही?"

सोडून देण्याचा सल्ला घाईने देणं धोक्याचं आहे. वेगळं होण्याच्या आसपासचा काळ बहुतेकदा सर्वांत जिवावरचा असतो. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८५ पासून जिवाचा धोका ओळखण्याच्या प्रश्नांचा एक संच विकसित केला. मारहाण वाढत चालली आहे का? घरात हत्यार आहे का? गरोदर असताना मारलं का? गळा दाबला का? शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो, कारण गळा दाबल्याची खूण बरेचदा दिसत नाही. २००८ मधल्या एका अभ्यासात, ज्यांचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला होता त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर छळ सोसणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सात पटींहून जास्त दिसली. ही खूण असेल तर 'पुढच्या भेटीत बघू' चालत नाही.

धोका तातडीचा नसेल तर बसून सुरक्षिततेची आखणी करतात. भांडण पेटलं तर कोणत्या खोलीत जायचं नाही? (स्वयंपाकघर आणि बाहेर पडायला दुसरी वाट नसलेली न्हाणी.) ओळखपत्रं, थोडे पैसे, बाळाची औषधं आणि लसीकरणाचे कागद एकत्र कुठे ठेवायचे? शेजारणीला कोणता शब्द ऐकल्यावर पोलिसांना बोलवायला सांगायचं? ही आखणी ती त्या घरातच राहणार असली तरी उपयोगाची असते. तिने आज काहीच केलं नाही, तरी ते तिचं गणित आहे आणि ते तिला आपल्यापेक्षा चांगलं येतं.

नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवणं हा मदतीचा भाग नाही. चांगल्या हेतूने ते फार ठिकाणी केलं जातं. ज्याची भीती आहे त्याच्याच समोर ती काय बोलणार, आणि घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत कोण मोजणार?

पुढे पाठवणंही चिठ्ठीवर सोडता येत नाही. लंडनच्या हॅकनी भागात आणि ब्रिस्टलमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांवर झालेली २०११ ची चाचणी माता-बाल सेवांतली नव्हती, पण धडा तोच. निम्म्या दवाखान्यांना प्रशिक्षण दिलं आणि थेट फोन करता येईल अशी, नावाने ठाऊक असलेली एक कार्यकर्ती जोडून दिली. त्या दवाखान्यांतून २२३ स्त्रिया मदतीसाठी पुढे पाठवल्या गेल्या. उरलेल्या दवाखान्यांतून १२. मुंबईत २००० साली महापालिकेने आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्यामागचा विचारही हाच होता: समुपदेशक रुग्णालयाच्या आतच बसलेली असावी.

## विचारल्यामुळेच धोका वाढला तर?

कॅनडा आणि शिकागोच्या चाचण्यांत अपाय दिसला नाही, हे वर आलंच. पण तिथे एकांत पाळला होता. धोका असतो तो ढिसाळपणात. नवऱ्यासमोर विचारणं, सोबत आलेल्या नणंदेला दुभाषी करणं, बोलायला लागलेलं मूल खोलीत ठेवणं. तीन वर्षांचं मूल संध्याकाळी घरी निरागसपणे सगळं सांगू शकतं. म्हणून साधारण दोन वर्षांवरचं मूल खोलीत असताना विचारू नये, असा संकेत आहे.

नोंदीचा प्रश्न तर नवा आणि अवघड आहे. गरोदर बाईच्या हातात असलेलं तपासणीचं कार्ड घरात कुणीही उघडतं. बाळाच्या नावाने असलेली नोंद बापालाही मागता येते. आता नोंदी फोनवर दिसतात आणि फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक असतो. म्हणून हिंसेची नोंद या कार्डावर नाही, वेगळी आणि मोजक्यांनाच दिसेल अशी ठेवायची असते.

आणि गुप्ततेला मर्यादा असते, ती प्रश्नाआधी सांगायला हवी. प्रौढ स्त्रीच्या इच्छेविरुद्ध पोलिसांना कळवण्याची सक्ती असू नये, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पण मुलाला गंभीर इजेचा धोका असेल तर अनेक देशांत कळवणं बंधनकारक आहे. हे न सांगता बोलतं करायचं आणि मग कळवायचं, हा विश्वासघात. तशी बाई पुन्हा तपासणीला येत नाही, आणि मग बाळही येत नाही.

## पुरुषांचं काय?

पुरुषांवरही घरात हिंसा होते, आणि त्यांना कुठे विचारायचं हा रास्त प्रश्न आहे. या सेवेत आईला विचारतात कारण इथे ती रुग्ण आहे आणि गरोदर शरीराला होणाऱ्या इजेचा धोका तिला व बाळाला आहे. बाहेर बसवणं हा आरोप नसतो. सगळ्यांनाच बाहेर बसवतात. म्हणूनच ते सगळ्यांना लागू असणं महत्त्वाचं.

## विचारणाऱ्या नर्सची बाजू

"वेळ नाही" हे नर्सचं उत्तर आपण सबब म्हणून उडवून लावतो. प्रश्नाला मिनिट लागतं. "हो" ला तास लागतो, आणि बाहेर रांग असते. शिवाय नर्स हीसुद्धा घर असलेली बाई आहे. तिच्या स्वतःच्या घरात हेच चालू असेल तर दिवसातून वीस वेळा हा प्रश्न उच्चारणं काय असेल? तिच्यासाठी आधाराची सोय केल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झालं असं म्हणू नये.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे बाळ चार आठवड्यांचं झालं की होणाऱ्या भेटीत हे विचारायचा नियम होता, पण प्रत्यक्षात अनेक आयांना विचारलंच जात नव्हतं. चार आठवड्यांची आई झोपेने हैराण असते आणि त्या भेटीला बापही बरेचदा हजर असतो. मग संशोधकांनी नर्सना सोबत घेऊन पद्धत नव्याने आखली. बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच्या भेटीत आईने स्वतः भरायची, तिच्या एकूण तब्येतीबद्दलची यादी, त्यात झोप, मूड यांच्याबरोबर सुरक्षिततेचा प्रश्न, आणि नर्सच्या प्रत्येक गटाला हिंसाविरोधी सेवेतली जोडलेली व्यक्ती. आठ गटांवर ही चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आले. किती जणींना विचारलं गेलं, यात जुन्या आणि नव्या पद्धतीच्या गटांत लक्षणीय फरक पडला नाही. केवळ तेवढंच मोजलं असतं तर प्रयोग फसला असं लिहून फाईल बंद झाली असती. पण नव्या पद्धतीच्या गटांत बायकांसोबत बसून सुरक्षिततेची आखणी करण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं.

खटकणारी गोष्ट ही की आरोग्यखात्यांच्या अहवालांत रकाना बहुधा पहिल्या आकड्याचाच असतो. किती जणींना विचारलं? ९० टक्के. शाबास. त्यातल्या किती जणींना दार लावून विचारलं, किती जणींसोबत बसून आखणी केली, किती जणी पुढच्या भेटीला परत आल्या, हे रकाने छापायला फारसा खर्च येत नाही. ते भरायला माणसं लागतात.